जोडीदाराच्या हृदयाचे ठोके खूपच कमी वाटतायत? काळजी कधी करायची आणि कधी नाही?

रात्रीचे अडीच वाजलेत. शेजारी झोपलेल्या नवऱ्याच्या मनगटावरचं स्मार्टवॉच थरथरतं. बायको दचकून जागी होते. घड्याळावर आकडा दिसतो ३९. ती त्याच्या छातीवर हात ठेवते, नाकाजवळ बोट धरून पाहते. श्वास व्यवस्थित चालू असतो. हलवून उठवलं, तर तो म्हणतो, "अगं काही नाही, झोप." आणि पुन्हा घोरायला लागतो. तिची झोप मात्र उडालेली असते.

असा प्रसंग आता अनेक घरांत घडतो. कोव्हिडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले. बीपी मोजायचं मशीन तर त्याआधीपासूनच कपाटात होतं. त्यात स्मार्टवॉचची भर पडली. ही तिन्ही यंत्रं हृदयाचे ठोके दाखवतात. पूर्वी नाडी पाहायची ती वैद्यांनी किंवा डॉक्टरांनी. आता आकडा घरातच दिसतो, पण त्याचा अर्थ सांगायला शेजारी कुणी नसतं.

ठोके कमी असण्याला वैद्यकीय भाषेत 'ब्रॅडिकार्डिया' म्हणतात. हे उत्तम तब्येतीचं लक्षण असू शकतं, एखाद्या गोळीचा परिणाम असू शकतो आणि जिवावर बेतणाऱ्या आजाराची पहिली खूणही असू शकते. या तिन्हींत घड्याळावरचा आकडा एकच असू शकतो. मग फरक ओळखायचा कसा?

ठोके किती असायला हवेत?

विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्यामुळे ६० च्या खालचा आकडा 'कमी' म्हणून गणला जातो. पण ५० ते ६० च्या दरम्यान ठोके असलेली असंख्य माणसं ठणठणीत असतात. म्हणूनच अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही सीमा ५० धरली आहे.

ही सीमाही आजाराची रेषा नाही. ठोके ४८ आहेत एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही आणि ५५ आहेत म्हणून कुणी निश्चिंत राहावं असंही नाही. आकडा एवढंच सांगतो की, पुढचे काही प्रश्न विचारायला हवेत.

त्यातला पहिला प्रश्न असा, की मेंदूला आणि बाकीच्या शरीराला पुरेसं रक्त पोहोचतंय का?

विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लीटर रक्त पुढे ढकलतं. एका ठोक्याला ७० मिलिलीटर रक्त बाहेर पडत असेल, तर त्यासाठी मिनिटाला ७० च्या आसपास ठोके लागतात. व्यायामाने कमावलेलं हृदय एका ठोक्यात १०० मिलिलीटर रक्त ढकलत असेल, तर तेच काम ५० ठोक्यांत होतं. म्हणजे ठोके कमी झाले तरी पुरवठा तेवढाच राहतो. पण हृदय नेहमीसारखंच असेल, त्याची वीजयंत्रणा बिघडली असेल आणि ठोके ३५ वर आले असतील, तर पुरवठा खरोखरच तुटतो. मग चक्कर येते, दम लागतो, शुद्ध हरपते.

ठोक्यांची गती ठरवतं कोण?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. त्याला 'सायनस नोड' म्हणतात. १९०७ मध्ये ब्रिटनच्या आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा पुंजका ठरावीक अंतराने विजेचा हलका झटका तयार करतो. तो झटका वरच्या कप्प्यांतून पसरतो आणि मधल्या 'एव्ही नोड' नावाच्या ठाण्यावर क्षणभर थांबून खालच्या कप्प्यांत उतरतो. हे मधलं ठाणं त्याआधी एक वर्ष, १९०६ मध्ये, जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने दाखवून दिलं होतं.

ठोके कमी होतात ते या साखळीत दोन ठिकाणी काहीतरी घडल्यामुळे. पहिलं ठिकाण म्हणजे खुद्द सायनस नोड. तो मंदावतो किंवा मधूनच काही सेकंद थांबतो. दुसरं ठिकाण म्हणजे मधला रस्ता. वर झटके नियमित तयार होतात, पण खाली पोहोचताना अडतात. याला 'हार्ट ब्लॉक' म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे 'हार्टमध्ये ब्लॉकेज आहे' असं म्हणतात, तेव्हा बहुतेकदा रक्तवाहिनीत चरबीचा थर साचल्याबद्दल बोललं जातं. हार्ट ब्लॉक ही वेगळी गोष्ट आहे. घरातल्या भाषेत सांगायचं तर ब्लॉकेज म्हणजे नळाच्या पाइपात साचलेला गाळ आणि हार्ट ब्लॉक म्हणजे विजेच्या वायरिंगमधला बिघाड. दोन्हींचे उपचार वेगळे असतात.

हार्ट ब्लॉकच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत झटका उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो. यात बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. दुसऱ्या पायरीत काही झटके मध्येच गळतात. तिसऱ्या पायरीत वरचा आणि खालचा संबंध पूर्ण तुटतो. तेव्हा खालचे कप्पे स्वतःच्या संथ गतीने, बऱ्याचदा मिनिटाला ३० ते ४० वेळा, कसेबसे चालत राहतात. या तिसऱ्या पायरीवर वेळ दवडता येत नाही.

कमी ठोके चांगले कधी असतात?

स्पेनचा सायकलपटू मिगेल इंदुराईन याने १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं 'टूर द फ्रान्स' जिंकली. विश्रांतीच्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला अवघे २८ असल्याचं सांगितलं जातं. हे टोकाचं उदाहरण झालं. पण वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या किंवा पोहणाऱ्या माणसांचे ठोके ४० ते ५० च्या घरात असणं अजिबात दुर्मीळ नाही.

असं का होतं? एक कारण वर आलंच, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं. दुसरं म्हणजे हृदयाला शांत ठेवणाऱ्या 'व्हेगस' या मज्जातंतूचा जोर वाढतो, असं बराच काळ मानलं जात होतं. २०१४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून वेगळी बाजू पुढे आणली. नियमित व्यायामाने सायनस नोडच्या पेशींमध्येच बदल होतात आणि त्यांची मूळ गती कमी होते, असं त्यांना दिसलं.

झोपेत तर सगळ्यांचेच ठोके उतरतात. तरुण आणि निरोगी माणसाचे ठोके गाढ झोपेत ४० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतात. त्यामुळे रात्री अडीचला दिसलेला ३९ आणि सकाळी अकराला ऑफिसात दिसलेला ३९ यांचा अर्थ एक नाही.

निरोगी मंद हृदयाची एक खूण घरीही दिसते. ते गरज पडली की वेग घेतं. दोन मजले चढून आल्यावर ठोके ५० वरून ९० किंवा १०० च्या पुढे जात असतील, तर ते चांगलं लक्षण आहे. जिने चढूनही आकडा ५५ च्या पुढे सरकत नसेल आणि माणूस धापा टाकत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मात्र ज्याला आधीच चक्कर येतेय किंवा छातीत दुखतंय, त्याला हे पाहण्यासाठी जिने चढायला लावू नये.

आकडा खरा आहे का?

घाबरण्याआधी आकडा तपासून घेतलेला बरा. स्मार्टवॉच त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताच्या लाटा मोजतं. पट्टा सैल असेल, हात गार पडला असेल किंवा झोपेत मनगट दुमडलेलं असेल तर ते चुकू शकतं. ऑक्सिमीटरही गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर गडबडतो.

आणखी एक चकवा आहे. काही जणांच्या हृदयात मधूनमधून 'जादा ठोका' पडतो. तो वेळेआधी पडत असल्याने कमजोर असतो आणि मनगटापर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक दुसरा ठोका असा असेल, तर हृदय ७६ वेळा चालत असतानाही मनगटावर, ऑक्सिमीटरवर आणि बीपी मशीनवर ३८ च दिसतात. हा ब्रॅडिकार्डिया नसतो. पण ही गोष्ट फक्त ईसीजीवर किंवा छातीवर स्टेथोस्कोप लावूनच कळते. म्हणून आकडा वारंवार कमी येत असेल, तर एक ईसीजी काढणं हाच सरळ मार्ग.

घरी नाडी मोजायची ती अशी. माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं. आपली तर्जनी आणि मधलं बोट त्याच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हलकेच ठेवायचं. आपला अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्यातली आपलीच नाडी जाणवू शकते. पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर मधले थांबे निसटतात. आकड्यासोबत ठोके एका लयीत आहेत की मध्येच चुकतात, हेही लिहून ठेवायचं. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, असे चार-पाच दिवस मोजले की एक चित्र तयार होतं.

ठोके कमी होण्याची कारणं कोणती?

सगळ्यात आधी औषधांची पिशवी पाहावी. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल या बीपी आणि हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या ठोके कमी करतात. तेच त्यांचं काम आहे. प्रोप्रानोलोल ही गोळी तर अर्धशिशी, हात थरथरणं किंवा घबराट यासाठीही दिली जाते. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अमिओडारोन, आयव्हाब्राडिन आणि क्लोनिडिन यांनीही गती मंदावते. विसरभोळेपणाच्या आजारासाठी दिलं जाणारं डोनेपेझिलही या यादीत येतं.

यात सहज निसटणारी गोष्ट म्हणजे काचबिंदूचे थेंब. 'टिमोलोल' हे डोळ्यांत टाकायचं औषध मेटोप्रोलोलच्याच कुळातलं आहे. ते थोड्या प्रमाणात रक्तात उतरतं आणि काही ज्येष्ठांचे ठोके कमी करू शकतं. 'कोणती औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला उत्तर देताना डोळ्यांचे थेंब कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. यातली काही औषधं अचानक थांबवली तर बीपी उसळू शकतं, छातीत दुखू शकतं. डॉक्टरांना फोन करून विचारणं हाच पर्याय.

दुसरं कारण थायरॉईड. ग्रंथी मंदावली की शरीराचं सगळंच काम मंदावतं. वजन वाढतं, थंडी जास्त वाजते, त्वचा कोरडी पडते, बद्धकोष्ठ होतं आणि ठोकेही उतरतात. साध्या रक्ततपासणीत हे कळतं.

तिसरं कारण पोटॅशियम. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदय धोकादायक रीतीने मंदावू शकतं. डॉक्टर अशा रुग्णांना शहाळ्याचं पाणी आणि पोटॅशियमयुक्त 'लो सोडियम' मीठ टाळायला सांगतात ते याचसाठी. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. ठोके कमी करणारी गोळी घेणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, मूत्रपिंडावर ताण आला, की या सगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि दोन दिवसांत ठोके ३० वर येऊ शकतात. घरात मात्र 'पोट बिघडल्यामुळे अशक्तपणा आलाय' असंच वाटत राहतं.

चौथं कारण घोरणं. झोपेत ज्यांचा श्वास वारंवार अडतो, अशा 'स्लीप अ‍ॅप्निया'च्या रुग्णांचे ठोके श्वास थांबला की घसरतात. रात्रीच ठोके खूप उतरत असतील, तर डॉक्टर झोपेची तपासणी करायला सांगतात. अशा वेळी श्वासाच्या आजारावर उपचार केले की ठोकेही बऱ्याचदा सुधारतात, पेसमेकरची गरज पडत नाही. घोरता घोरता अचानक शांतता आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, हे झोपलेल्या माणसाला कधीच कळत नाही. ते सांगू शकतं फक्त शेजारी झोपणारं माणूस.

टायफॉईडमध्ये ताप चढलेला असतानाही नाडी त्या मानाने संथ राहू शकते. डेंग्यूतून बरं होताना काही जणांचे ठोके काही दिवस कमी राहतात. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडून हार्ट अटॅक आला, तरी ठोके एकदम कमी होतात. आणि वय वाढतं तशी हृदयातली वीजयंत्रणाही झिजते. पेसमेकर लागणाऱ्यांत ज्येष्ठांचं प्रमाण मोठं असतं ते यामुळेच.

विषबाधा हेही एक कारण आहे. महाराष्ट्रात कुंपणाला, देवळाजवळ सर्रास दिसणारी कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, या दोन्ही झाडांत हृदयाची गती बिघडवणारी विषारी द्रव्यं असतात. तिच्या बिया पोटात गेल्या तर हार्ट ब्लॉक होऊ शकतो. शेतात फवारणीसाठी वापरली जाणारी काही कीटकनाशकंही नाडी मंद करतात. फवारणी करून आलेल्या माणसाला घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या आणि नाडी संथ लागली, तर घरी थांबायचं नाही. औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठायचं.

जोडीदाराला दिसतं, ते रुग्णाला का दिसत नाही?

ठोके हळूहळू कमी होत जातात, तेव्हा माणूस स्वतःला त्यांच्याशी जुळवून घेतो. आधी संध्याकाळची फेरी लहान होते. मग भाजी आणायला तो गाडी काढतो. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जाणं टळतं. डॉक्टरांनी विचारलं, "दम लागतो का?" तर तो मनापासून सांगतो, "नाही." कारण दम लागेल असं काही तो करतच नाही.

हा बदल वर्षभर सोबत राहणाऱ्या माणसाला दिसतो. म्हणून "आता वय झालं" असं म्हणून सोडून देण्याआधी सहा महिन्यांपूर्वी काय जमत होतं आणि आज काय जमत नाही, हे आठवून पाहावं.

चक्कर येऊन पडण्याचंही तसंच. शुद्ध हरपलेल्या माणसाला मधली मिनिटं आठवत नाहीत. हृदय काही सेकंद थांबल्यामुळे भोवळ आली, तर हातपाय झटकले जाऊ शकतात आणि पाहणाऱ्याला ती 'फिट' वाटते. आयर्लंडमधले डॉक्टर रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये अशा झटक्यांचा संबंध संथ नाडीशी जोडला. आजही त्यांना 'स्टोक्स-अ‍ॅडम्स अटॅक' म्हणतात. हृदयामुळे आलेल्या भोवळीत माणूस एकाएकी पांढराफटक पडतो आणि बऱ्याचदा मिनिटाभरात पूर्ण भानावर येतो. अपस्मारात नंतरही बराच वेळ गोंधळलेपणा राहतो. हा फरक घरी बसून ठामपणे ठरवता येत नाही, पण पाहिलेलं जसंच्या तसं सांगितलं तर डॉक्टरांचं निदान सोपं होतं. पहिल्यांदाच 'फिट' आली असेल, तर ईसीजीही काढला जातोय ना, हे विचारायला संकोच करू नये.

तातडीने रुग्णालयात कधी जायचं?

ठोके कमी आहेत आणि सोबत पुढीलपैकी काहीही असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही:

- शुद्ध हरपणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडता पडता वाचणं
- छातीत दुखणं, दडपण येणं
- बसल्या जागी धाप लागणं
- असंबद्ध बोलणं, ओळख न पटणं, अतिशय ग्लानी
- थंड घाम, गार पडलेले हातपाय, बीपी खूप कमी येणं

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. रुग्णाला स्वतः गाडी चालवू द्यायची नाही.

कुणी बेशुद्ध पडलं, पण श्वास नीट चालू असेल, तर आडवं झोपवायचं, कपडे सैल करायचे, पाय थोडे उंच ठेवायचे. उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं. तोंडात पाणी, साखर, काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. श्वास थांबला असेल किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करायची. दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटीमीटर खोल द्यायचा आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

काहीही त्रास नाही, पण जागेपणी ठोके सतत ४० च्या खाली येतायत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढावा. ४० ते ५० च्या दरम्यान आहेत, त्रास नाही आणि माणूस खेळाडूही नाही, तर येत्या काही दिवसांत वेळ घेऊन दाखवावं. कडक कॉफी पाजून आकडा वर आणण्यात अर्थ नाही. त्याने मूळ कारण तसंच राहतं.

डॉक्टर काय तपासतात?

पहिली तपासणी ईसीजी. पण तो काही सेकंदांचाच असतो. बिघाड दिवसातून एकदाच होत असेल तर तो नेमका त्या क्षणी सापडेलच असं नाही. म्हणून छातीवर २४ किंवा ४८ तास 'होल्टर' नावाचं छोटं यंत्र लावतात. त्या काळात चक्कर आली तर वेळ लिहून ठेवायची असते. ट्रेडमिलवर चालवून हृदय गरजेला वेग घेतं का, हे पाहतात. सोबत इको आणि थायरॉईड, पोटॅशियम, क्रिएटिनिन यांच्या रक्ततपासण्या होतात.

दवाखान्यात जाताना जोडीदाराने चार गोष्टी न्याव्यात: नाडीच्या नोंदींचा कागद, थेंबांसकट सगळी औषधं, कधी काय घडलं याची टिपणं आणि रात्रीच्या घोरण्याचं किंवा शक्य असेल तर झटक्याचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण.

आणि तो "मला काही झालेलं नाही" म्हणून यायलाच तयार नसेल तर? रात्री आकडा दाखवून भीती घालण्यापेक्षा दिवसा, शांतपणे, "एकदा ईसीजी काढू, पाच मिनिटांचं काम आहे" असं सांगितलेलं जास्त चालतं. निष्कर्ष चांगला आला, तर दोघांचीही झोप नीट होते.

एका बायकोचा हट्ट आणि पहिला पेसमेकर

स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९५८ मध्ये ते ४३ वर्षांचे होते. संसर्गानंतर त्यांच्या हृदयातली वीजयंत्रणा निकामी झाली होती. दिवसात वीस-तीस वेळा त्यांची शुद्ध हरपायची. औषधांचा उपयोग होत नव्हता.

त्यांची बायको एल्स-मारी हिच्या कानावर आलं की, स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातले शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट शरीरात बसवता येईल अशा यंत्रावर प्रयोग करतायत. ती दोघांकडे खेटे घालू लागली. माणसात बसवण्याजोगं यंत्र अजून तयार नाही, असं तिला सांगण्यात आलं. तर मग तयार करा, असा तिचा धोशा होता.

अखेर एल्मक्विस्ट यांनी यंत्र जुळवलं. त्यावरचं आवरण ओतायला त्यांनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरला होता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते लार्सन यांच्या शरीरात बसवण्यात आलं. पूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला तो जगातला पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला आणि त्याच्या जागी दुसरा बसवावा लागला. पुढच्या आयुष्यात लार्सन यांना एकूण २६ पेसमेकर लागले. २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं, तेही कर्करोगाने. ज्यांनी त्यांना वाचवलं, त्या सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्या निधनानंतरही ते हयात होते.

आज पेसमेकर म्हणजे काय?

आजचा पेसमेकर काडेपेटीपेक्षा लहान आणि साधारण २० ते ३० ग्रॅम वजनाचा असतो. बहुतेकदा जागा बधिर करून कॉलरबोनच्या खाली, त्वचेच्या आत तो बसवतात. त्यातून एक किंवा दोन वायर शिरेतून हृदयात जातात. हृदय स्वतःहून चाललं की तो गप्प राहतो, थांबलं की झटका देतो. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं टिकते. वायर नसलेले, थेट हृदयात बसणारे कॅप्सूलएवढे पेसमेकरही आता मिळतात. अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली.

पेसमेकर सगळ्यांना लागत नाही. गोळीमुळे, थायरॉईडमुळे किंवा पोटॅशियममुळे ठोके उतरले असतील, तर ते कारण दूर केलं की बहुतेकदा गती परत येते. फक्त झोपेतच ठोके कमी होत असतील आणि काही त्रास नसेल, तरी तो बसवत नाहीत. तिसऱ्या पायरीचा हार्ट ब्लॉक असेल आणि त्यामागचं कारण दूर होण्यासारखं नसेल, तर मात्र तो टाळून चालत नाही.

बसवल्यानंतर मोबाइल वापरता येतो. तो खिशात पेसमेकरच्या बाजूला ठेवायचा नाही आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा, एवढंच. विमानतळावर पेसमेकरचं कार्ड दाखवायचं. एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं, कारण सगळीच यंत्रं त्यासाठी योग्य नसतात. खर्चाची चिंता असेल, तर आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळू शकते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावं.

थोडक्यात काय?

रात्री अडीचला घड्याळावर दिसलेला ३९ हा आकडा बहुतेकदा झोपेचा असतो. श्वास नीट चालू असेल, हाक मारल्यावर माणूस नीट उत्तर देत असेल आणि काही दुखत नसेल, तर सकाळपर्यंत थांबता येतं. सकाळी तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं शेजारी बसून त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. आकडा, तारीख आणि वेळ कागदावर लिहायची. कालच्या घोरण्याची आणि गेल्या सहा महिन्यांत बंद पडलेल्या संध्याकाळच्या फेरीचीही नोंद त्याच कागदावर करायची. डॉक्टरांना दाखवताना घड्याळापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.